शहर मिळाले म्हणजे देश मिळाला असे नाही

प्राग, हेलसिंकी, स्टॉकहोम इथे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. तिथल्या प्रेक्षकांवर, बंदिस्त क्रीडागृहांवर आणि प्रायोजकांवर मोठ्या लीगची नजर कायम राहिली आहे. उत्तर अमेरिकेच्या एनएचएलने २००७मध्ये लंडनला नियमित हंगामाचे दोन सामने खेळवले आणि पुढे अनेक युरोपीय शहरांत तसे सामने झाले. २०२५मध्ये एनबीएने ‘फिबा’ या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या साथीने युरोपात बास्केटबॉल लीग उभारण्याचा विचार बोलून दाखवल्यावर हॉकीबद्दलही तोच प्रश्न विचारला जाणार, हे उघड आहे. मात्र हा प्रयोग हॉकीत एकदा होऊन गेला आहे. रशियाच्या केएचएलने २००८पासून पुढच्या काही वर्षांत युरोपातले क्लब एकामागून एक आपल्यात ओढले. आज बेलारूसचा दिनामो मिन्स्क वगळता त्यातले कुणीही त्या लीगमध्ये नाही. या पडझडीचे कारण नीट समजून घेतल्याशिवाय नव्या देशात पाऊल टाकणे म्हणजे तीच चूक पुन्हा करणे होय. माझ्या मते लीग नव्या देशात टिकते ती शेजारामुळे. बसने गाठता येईल असा प्रतिस्पर्धी, स्थानिक पैसा आणि त्या देशाच्या हॉकी व्यवस्थेची संमती, या तीन गोष्टी नसतील तर कितीही मोठे शहर मिळवले तरी उपयोग नाही.

केएचएल २००८मध्ये सुरू झाली तेव्हा लाटव्हियाचा दिनामो रीगा तिच्यात पहिल्यापासून होता. २०११मध्ये स्लोव्हाकियातल्या पोपराडला लेव हा संघ उभा राहिला आणि एकाच हंगामानंतर ते नाव प्रागला गेले. २०१२मध्ये ब्रातिस्लाव्हाचा स्लोव्हान, २०१३मध्ये झाग्रेबचा मेदवेश्चाक आणि २०१४मध्ये हेलसिंकीचा योकेरित आला. कागदावर हा विस्तार देखणा होता. लेव प्राग तर २०१४मध्ये केएचएलच्या गागारिन चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला, सात सामन्यांपर्यंत झुंजला आणि घरच्या सामन्याला त्याने सतरा हजारांवर प्रेक्षक खेचले. त्याच उन्हाळ्यात तो क्लब बंद झाला. ज्या शहरात स्पार्टा आणि स्लाव्हिया यांच्या चाहत्यांच्या पिढ्या आहेत, तिथे दोन वर्षांच्या या संघाला अंतिम सामन्याची गर्दी मिळाली, पण नोव्हेंबरातल्या मंगळवारी कुठल्याशा दूरच्या रशियन संघाविरुद्ध आवर्जून येणारा माणूस एवढ्या थोड्या काळात घडत नाही. क्लबचे अर्थकारण उभे राहते ते याच माणसावर.

झाग्रेबचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण एकाच क्लबने जवळची आणि दूरची, अशा दोन्ही प्रकारची लीग अनुभवली. मेदवेश्चाक २००९मध्ये ऑस्ट्रियाच्या लीगमध्ये गेला. तिथला प्रतिस्पर्धी ल्युब्लियाना झाग्रेबहून रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आत. क्रोएशियात हॉकी खेळणारे थोडे, तरीही मोठ्या क्रीडागृहांत सामने गाजले आणि २०१२मध्ये पुला शहरातल्या रोमन रंगमंडलातही खेळ रंगला. केएचएलमध्ये गेल्यावर तोच क्लब सुमारे आठ हजार किलोमीटरवरच्या व्लादिव्होस्तोकशी खेळू लागला, जिथले घड्याळ नऊ तास पुढे. पहिल्याच हंगामात तो बाद फेरीत पोहोचला, पण चार वर्षांत पैशाची ओढाताण असह्य झाली आणि २०१७मध्ये तो ऑस्ट्रियाच्या लीगमध्ये परतला. २०१८-१९चा हंगाम मात्र त्याला पुरा करता आला नाही. याच ऑस्ट्रियाच्या लीगने हंगेरीच्या सेकेशफेहेरवारला २००७मध्ये आणि इटलीच्या बोल्झानोला २०१३मध्ये घेतले. बोल्झानोने पहिल्याच हंगामात विजेतेपद पटकावले, २०१८मध्ये पुन्हा पटकावले, आणि हे दोन्ही क्लब आजही तिथेच खेळतात. ऑस्ट्रिया आणि इटली यांच्यातल्या ब्रेनर खिंडीच्या अलीकडे-पलीकडे भाषा, बाजार आणि माणसे आधीपासून जोडलेली होती. लीग त्या वाटेने गेली, म्हणून टिकली.

यावर पहिला आक्षेप असा की केएचएलला हॉकीने नव्हे, राजकारणाने बुडवले. त्यात तथ्य आहे. युद्धामुळे युक्रेनचा दोन्बास दोनेत्स्क २०१४मध्ये बाहेर पडला, तर २०२२च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर योकेरित आणि दिनामो रीगा काही दिवसांतच बाहेर पडले. पण लेव, मेदवेश्चाक आणि स्लोव्हान या तिघांचे गणित २०२२च्या आधीच, पैशावरून कोलमडले होते. लेव तर २०१४च्या अखेरीस रूबल कोसळण्याच्याही आधी संपला. योकेरितची कथा राजकारणाची असली तरी तिचे मूळ मालकीत आहे. त्याचे घरचे क्रीडागृह तिमचेन्को आणि रोतेनबर्ग या रशियन उद्योगपतींकडे गेले होते. २०१४मध्ये त्यांच्यावर अमेरिकी निर्बंध आले आणि २०२२नंतर ते क्रीडागृहच बंद पडले. १९६७पासूनच्या या क्लबला फिनलंडच्या दुसऱ्या श्रेणीतून नव्याने सुरुवात करावी लागली. पैसा आणि छप्पर दोन्ही परक्याच्या हाती असतील, तर संकट कुठल्याही दिशेने आले तरी क्लबला उभे राहायला जागा उरत नाही.

दुसरा आक्षेप दर्जाचा. छोट्या देशातला चांगला खेळाडू मोठ्या लीगशिवाय वाढणार कसा? चिंता खरी आहे, आणि चौदा वर्षे टिकलेला दिनामो रीगा तिचे सर्वांत भक्कम उदाहरण आहे, कारण लाटव्हियाचा राष्ट्रीय संघ बव्हंशी त्याच क्लबभोवती बांधलेला होता. पण रीगा बाहेर पडल्यावर लाटव्हियाचे खेळाडू युरोपभर विखुरले आणि २०२३च्या मे महिन्यात त्याच देशाने जागतिक स्पर्धेत इतिहासातले पहिले कांस्यपदक मिळवले. एका हंगामावरून नियम बांधता येत नाही, पण मोठ्या लीगमधली जागा गेली की हॉकी खुंटते, हा दावा यातून सैल होतो. स्लोव्हान २०१९मध्ये मायदेशी परतला आणि २०२२मध्ये स्लोव्हाकियाचा विजेता झाला. देशांतर्गत लीगला तिचा सर्वांत मोठा क्लब परत मिळाला, याचे मोल स्लोव्हाकियातल्याच कोशित्सेच्या चाहत्याला विचारावे. शिवाय सीमा ओलांडून खेळण्याची दुसरी रीतही उपलब्ध आहे. २०१४मध्ये २६ क्लब, सहा लीग आणि आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी मिळून उभारलेल्या चॅम्पियन्स हॉकी लीगमध्ये प्रत्येक संघ आपल्या नेहमीच्या लीगमध्ये राहूनच युरोपातल्या इतरांशी भिडतो.

म्हणून जी लीग आता युरोपकडे वळेल, तिने क्रीडागृहाच्या मालकाआधी त्या देशाच्या हॉकी महासंघाशी बोलावे. एका नव्या देशात एकाच संघाला जागा देण्याऐवजी जवळच्या दोन-तीन क्लबांना एकत्र घ्यावे, म्हणजे परस्परांतली चुरस लीगसोबत येईल. खेळाडूंच्या पगाराची हमी त्या देशातल्याच प्रायोजकांकडून आणि तिकीटविक्रीतून निघते का, हे पहिल्या हंगामाआधी तपासावे. अटी कडक आहेत, त्यामुळे विस्तार मंदावेल आणि काही चकचकीत शहरे यादीबाहेर राहतील. चालेल. संघ बंद पडला की लीग पुढच्या शहराकडे वळते. आपल्या भागातले हॉकीचे घर गमावून बसतात ते चाहते आणि तिथे स्केटिंग शिकणारी मुले, आणि विस्ताराचा हिशेब त्यांच्या बाजूने मांडला गेला पाहिजे.