कीबोर्डचं रेकॉर्डिंग : सरावाला हवं, साथीला नको

आपल्या मंडळाच्या येत्या कार्यक्रमात गाण्यांना ‘ट्रॅक’ लावायचा की कुणीतरी बसून साथ करायची, यावर गेल्या बैठकीत बरीच चर्चा झाली. ट्रॅकच्या बाजूने बोलणारे जास्त होते. मी विरोध केला तेव्हा एकाने लगेच विचारलं, ‘‘मागच्या वर्षी तूच तर कीबोर्डवर सगळं रेकॉर्ड करून आणलं होतंस. मग आता काय झालं?’’ प्रश्न बरोबर होता. बैठकीत उत्तर नीट देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी एक स्पष्ट करतो. माझा कीबोर्डवर राग नाही, उलट त्याच्याशिवाय माझा रियाज झालाच नसता. आम्ही दिलसुखनगरला राहतो. आमच्या इमारतीच्या अंगाला अंग लावून मुलांची हॉस्टेलं आहेत. सकाळ-संध्याकाळ कोचिंग क्लास आणि रात्री अभ्यास, असं तिथल्या मुलांचं आयुष्य. त्यात नांदेड-लातूरकडून आलेली मराठी मुलंही आहेत. रात्री दहाला घरात पेटी काढली, तर समोरच्या खिडकीतून ‘‘भैया, कल एग्झाम है’’ अशी हाक येणारच. कीबोर्डला हेडफोन लावला की त्यांचा अभ्यास चालतो आणि माझा रियाजही. शिवाय आता साध्या, परवडणाऱ्या कीबोर्डवरही रेकॉर्डिंगची सोय असते. ती हाताशी असेल तर वापरावीच, पण कशासाठी, हा प्रश्न आहे.

हे रेकॉर्डिंग म्हणजे नेमकं काय, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कीबोर्डवरचं रेकॉर्डिंग दोन तऱ्हेचं असतं. एकात आवाज साठवला जातो, मोबाइलवर करतो तसाच. काही नव्या कीबोर्डांवर तो सरळ पेन ड्राइव्हवर उतरवता येतो. दुसऱ्या तऱ्हेत आवाज साठवलाच जात नाही. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढीच नोंद राहते. जोरासाठी १ ते १२७ असे आकडे असतात. या भाषेचं नाव ‘मिडी’. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरने जोडून दाखवले गेले, आणि एकाच्या पट्ट्या दाबल्या की दुसरा वाजू लागला. तेव्हापासून हीच भाषा चालत आली आहे.

आवाजाऐवजी नोंद असल्यामुळे तिच्यात हवा तो बदल करता येतो. लय निम्मी केली तरी सूर उतरत नाही. काळी एकमध्ये वाजवलेलं पांढरी चारमध्ये नेता येतं. डावा हात एका ट्रॅकवर, उजवा दुसऱ्यावर, बासरी तिसऱ्यावर, असं एकावर एक रचता येतं. मधल्या दोनच मात्रा चुकल्या असतील तर तेवढ्याच पुन्हा वाजवून बसवता येतात. आणि ‘क्वांटाइझ’ नावाची एक सोय असते. समजा लय मिनिटाला ६० मात्रांची आहे. म्हणजे एक मात्रा एका सेकंदाची. तिचे चार भाग केले तर दर पाव सेकंदाला भिंतीत एक खुंटी ठोकली आहे असं समजा. आपण वाजवलेला प्रत्येक सूर थोडा अलीकडे-पलीकडे पडलेला असतो. क्वांटाइझ केलं की तो उचलून जवळच्या खुंटीला टांगला जातो. अडखळत वाजवलेलं तुकडेबंद ऐकू येतं.

मागच्या वर्षी मराठी भाषा गौरव दिनाला, म्हणजे २७ फेब्रुवारीला, मी हेच केलं. दरवर्षी पेटीच्या साथीला काचीगुड्याहून एक काका येत असत. त्यांना बोलवायचं, आणायचं-सोडायचं, पेटी उचलायची, त्यांच्यासोबत दोन तालमी ठेवायच्या, ही सगळी यातायात. मी म्हणालो, कशाला? मी कीबोर्डवर तयार करून आणतो. सगळ्यांना बरंच वाटलं. चार रात्री बसून मी पाच गाणी रेकॉर्ड केली. एका अभंगाचा अंतरा मला सलग वाजवता येत नव्हता. तो मी तुकड्या-तुकड्यांनी अकरा वेळा वाजवला, चांगले तुकडे ठेवले, जोडले आणि वर क्वांटाइझ केलं. ऐकताना मीच खूश झालो. घरी सगळ्यांना ऐकवलं, तेव्हा आई म्हणाली, ‘‘तू एवढं छान कधी वाजवायला लागलास?’’ मी नुसता हसलो.

तो अभंग आपल्याच एका मैत्रिणीच्या आजी गाणार होत्या. वय सत्तरीच्या पुढचं, आवाज अजून खणखणीत. तालीम एकच झाली होती, तीही फोनवर ट्रॅक ऐकवून. कार्यक्रमात पहिलं कडवं ठीक गेलं. मग आजी एका सुरावर थांबल्या, तिथे त्यांनी छोटासा आलाप घेतला. त्यांना तो तिथे सुचला असणार. कीबोर्ड मात्र थांबला नाही, त्याने वेळेवर दुसरा अंतरा सुरू केला. आजी मुखड्यावर आल्या तेव्हा कीबोर्ड तिसऱ्याच ओळीवर होता. तबलेवाला मुलगा कुणाबरोबर जायचं ते न कळून माझ्याकडे बघत होता. मी स्टॉप दाबलं आणि हाताने वाजवायला घेतलं. तोच अभंग, तोच अंतरा, आणि माझी बोटं चालेनात! तो अंतरा मला येतच नव्हता. आजींनी उरलेलं गाणं नुसत्या तबल्यावर पूर्ण केलं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, त्या आजींसाठी. खाली उतरताना त्या मला म्हणाल्या, ‘‘बाळा, तुझं मशीन मला श्वासच घेऊ देईना रे.’’

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की माझ्या दोन चुका झाल्या. पहिली, मी ऐन गाण्यात ऐकून घेऊच शकणार नाही अशी साथ आणून ठेवली. दुसरी त्याहून मोठी. एडिटिंगने मी माझी चूक लोकांपासून लपवली, ते एक वेळ चालेल, पण ती माझ्यापासूनही लपली. मशीनने दुरुस्त केलेलं ऐकून ऐकून मला वाटू लागलं होतं की ते मला येतं.

इथे कुणी म्हणेल, नवं यंत्र आलं की अशी ओरड होतेच. खरं आहे. ज्या हार्मोनियमला आज आपण ‘अस्सल’ म्हणतो, ती तरी कुठली आपली? तिचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतलं गेलं, आणि आपल्याकडे ती युरोपियन लोकांबरोबर, मिशनऱ्यांबरोबर आली. पुढे कोलकात्यात तिला हाताच्या भात्याचं, मांडी घालून वाजवण्याचं रूप मिळालं. तिच्यावरही आक्षेप होतेच. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तिच्यात मींड निघत नाही, सूर ठोकळेबाज असतात, असं म्हणणं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. सप्तकाचे १२०० बारीक भाग केले, तर पेटीचा किंवा कीबोर्डचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ भागांनी चढा असतो. कान तयार असेल तर ते कळतं.

तरी पेटी टिकली. गोविंदराव टेंबे, गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर यांच्यासारख्या माणसांनी ती टिकवली. आप्पा तर जालन्याजवळचे, म्हणजे त्या काळच्या आपल्या हैदराबाद संस्थानातलेच. भीमसेन जोशींसारख्या गायकाला साथ करताना पेटीवाला काय करतो? गायक कुठे जाईल हे त्याला आधी ठाऊक नसतं. तो अर्धं पाऊल मागून चालतो, गायक थांबला की सूर धरून ठेवतो, श्वास घेतला की ती जागा भरतो, आणि समेवर बरोबर हजर असतो. पेटीचे सूर ठरलेले असले तरी वाजवणारा ठरलेला नव्हता. बंदी घालणाऱ्यांच्या लक्षात न आलेली गोष्ट ही असावी. म्हणून माझा आक्षेप कीबोर्डला नाही. कीबोर्डवर बसून, समोरच्याकडे बघत वाजवा ना! ती साथच आहे. आक्षेप आहे तो आठवडाभर आधी वाजवून ठेवलेल्या साथीला.

दुसरं म्हणणं असं येईल की एडिटिंग ही फसवणूक असेल तर सगळे सिनेमे, सगळी गाणी फसवणूकच. तसं मी म्हणत नाही. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याने १९६४ साली मैफिली कायमच्या बंद केल्या आणि पुढे फक्त स्टुडिओत वाजवलं. बाखच्या एका फ्यूगची त्याने अनेक ध्वनिमुद्रणं केली. त्यांतली सहावी आणि आठवी दोन्ही निर्दोष होती, पण प्रत्येक एकसुरी वाटत होती. त्याने दोन्ही जोडून एक केलं, आणि हे स्वतःच उघडपणे लिहिलं. मला त्यात काहीच खोटं वाटत नाही. फरक एवढाच की गूल्डला दोन्ही प्रकारे सलग वाजवता येत होतं. त्याने दोन चांगल्यांतून तिसरं केलं. मी न येणाऱ्या अकरांतून एक केलं होतं. शिवाय त्याला कुणाला साथ करायची नव्हती. रेकॉर्ड म्हणून ऐकायची रेकॉर्ड कशीही घडवा, पण व्यासपीठावर गाणाऱ्या जिवंत माणसाच्या पाठीमागे ती लावू नका.

क्वांटाइझचंही तेच. रॉजर लिन या अमेरिकन माणसाने १९८० च्या सुमाराला जे ड्रम मशीन काढलं त्यात ही सोय आली, आणि त्याच मशीनमध्ये ‘स्विंग’ही आलं, म्हणजे एकाआड एक ठोका मुद्दाम थोडा उशिरा पाडायचा. सगळे ठोके तंतोतंत खुंटीवर बसले की वाजवणं निर्जीव होतं, हे ओळखूनच ना? आपल्या ठेक्यात तो उशीर वाजवणाऱ्याच्या हातातूनच येतो.

मग रेकॉर्डिंग कशाला वापरायचं? माझ्या अनुभवाने, दोन गोष्टींसाठी.

पहिली, स्वतःला ऐकायला. वाजवताना आपण बोटांकडे बघत असतो, कान अर्धेच उघडे असतात. रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकलं की कळतं, आपण अवघड जागी हमखास पळतो आणि सोप्या जागी रेंगाळतो. मी आता पहिलं ध्वनिमुद्रण कधीच पुसत नाही. त्यावर क्वांटाइझही करत नाही. तारीख घालून ठेवतो, आणि महिन्याने तेच पुन्हा वाजवून दोन्ही शेजारी ठेवून ऐकतो. लय निम्मी करून त्याच्याबरोबर वाजवणं, डावा हात रेकॉर्ड करून उजव्याचा सराव करणं, हेही खूप कामाचं आहे. मागच्या वर्षी अडलेला तो अंतरा असाच बसवायला मला सात आठवडे लागले. आता येतो.

दुसरी गोष्ट आपल्या मंडळाने एकत्र करावी अशी आहे. आपल्या घरांत चाली आहेत. काचीगुडा, सुलतान बाजार भागातल्या जुन्या मराठी घरांतल्या आज्या ज्या चालीत ओव्या आणि आरत्या म्हणतात, ती चाल कुठे लिहिलेली नसते. आपल्यातले काही जण मराठी चर्चमधून येतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं ‘उपासना संगीत’ पुस्तकात छापलेली मिळतात, पण तुमच्या मंडळीत ती कशी म्हणतात, कुठे थांबतात, टाळी कुठे पडते, हे पुस्तक कसं सांगणार? टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग-भजनाचं वळण दिलं ते तोंडी गाण्यासाठीच. या चाली रेकॉर्ड करून ठेवू या. इथे मिडी नको, आवाजच हवा, खोकल्यासकट आणि मागे वाजणाऱ्या कुकरच्या शिटीसकट. आणि नाव, गाव, तारीख घालायला विसरू नका. १९०२ साली कोलकात्यात पहिल्या रेकॉर्डी करणाऱ्या गौहर जान गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव बोलत असत. म्हणून आज शंभरहून जास्त वर्षांनी ऐकतानाही कोण गातंय हे कळतं.

तेव्हा येत्या कार्यक्रमासाठी माझा प्रस्ताव असा. जिथे माणूस गाणार असेल तिथे साथही माणसानेच करावी. पेटी असो, कीबोर्ड असो किंवा नुसती टाळी असो. साथीला कुणीच मिळालं नाही तर गाणं तंबोऱ्याच्या सुरावर होऊ द्या, बिघडत नाही. ट्रॅक फक्त नाचाला वापरावा, कारण तिथे तालीमच त्याच्यावर होते. आणि दोन तालमी सक्तीच्या, गाणारा आणि वाजवणारा समोरासमोर बसून.

काचीगुड्याच्या काकांना मी मागच्या रविवारी फोन केला. वर्षभर न बोलावल्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, ‘‘अरे, त्यात काय. कोणत्या पट्टीत गातायत तेवढं सांग.’’ आजी यंदाही काळी चारमध्ये गाणार आहेत. पहिली तालीम शनिवारी चार वाजता आहे. मी काकांच्या शेजारी बसून नुसता सूर धरणार आहे. ज्यांना साथ शिकायची आहे त्यांनी यावं.