चुकलेली खिडकी



देपालपुरातील एका घरी गेल्या सुट्टीत आम्ही एक निराळेच काम हाती घेतले. तेथील बारा वर्षांच्या मुलास त्याच्या मामाने आगगाडीच्या प्लास्टिकच्या डब्यांचे दोन संच आणून दिले होते. तुकडे जोडावेत आणि डबा उभा करावा, अशी ती रीत. परंतु पेटीतले डबे होते युरोपातले, आणि आजोबांनी जन्म काढला तो इंदूर-खांडवा मार्गावर रूळ सांभाळण्यात. त्यांची दृष्टी दिवसेंदिवस मंद होत आहे. “फादर, आजोबांना दिसतंय तोवर त्यांचाच डबा करू या,” असा मुलाचा हट्ट होता.

तो मार्ग एक मीटर रुंदीच्या रुळांचा. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली त्यासाठी एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले होते. इंदूरहून थेट खांडव्यास जाणारी ती लहान गाडी आज धावत नाही. घाटातील पाताळपाणी ते कालाकुंड एवढ्या तुकड्यावर २०१८ च्या डिसेंबरात वारसा गाडी सुरू झाली, ती त्याच रुळांवर.

प्रथम माप घेतले. पुण्यास कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी १९९८ साली उघडलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना मापाचे महत्त्व सांगावयास नको. आमच्या संचाचे प्रमाण सत्याऐंशीस एक असे होते. साडेएकोणीस मीटरचा डबा या हिशेबाने सुमारे २२४ मिलिमीटर लांब होतो. एक डबा आखूड पडत होता, म्हणून दोन कापून एक करावयाचे ठरले. मूळची चाके साडेसोळा मिलिमीटर रुळांची. ती काढून बारा मिलिमीटरची बसवावयाची होती.

बारीक दातांच्या करवतीने कापताना खिडकी तोडू नये. दोन खिडक्यांमधील भिंत कापावी. दोन्ही बाजूंचे आणि छताचे सांधे एका रेषेत आणू नयेत, नाहीतर डबा तेथेच मोडतो. आतून प्लास्टिकची पट्टी लावावी. या कामाचा गोंद नुसता चिकटवीत नाही, तो प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो. म्हणून कुंचल्याने थोडाच लावावा, खोलीची दारे उघडी ठेवावीत आणि रात्रभर सुकल्यावाचून कानस लावू नये.

इतके सारे मुलास समजावून सांगणारे आम्हीच घाईत चुकलो. खूण तपासली नाही आणि एका बाजूची खिडकी अर्धी कापली गेली. दुसरा तुकडा शिल्लक नव्हता. मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही ओशाळून गप्प बसलो.

आजोबांनी तो तुकडा हाती घेतला, कडेवरून बोट फिरविले आणि म्हणाले, “फादर, ही खिडकी बुजवून टाका. गार्डाच्या डब्यात सामानाच्या खोलीला कुठं एवढ्या खिडक्या असतात?”

आम्ही तेथे कोरी पट्टी बसविली आणि रुंद दार कोरले. ज्या दांडीला भाग चिकटून येतात, ती मेणबत्तीपासून थोड्या अंतरावर ऊन करून ताणली, की केसासारखा बारीक धागा निघतो. त्याचे आडवे गज उरलेल्या खिडक्यांना लावले आणि सर्वांवर तांबूस रंग दिला.

डबा पुरा झाला तेव्हा आजोबांनी तो डोळ्यांजवळ धरला. मग डोळे मिटून गजांवरून बोट फिरविले. “हाच,” एवढेच ते बोलले.

वाचकहो, घरातील मूल काही करू पाहात असेल, तर त्याच्याजवळ बसा. मापे दोनदा घ्यावयास शिकवा. आणि तरीही हातून चूक झाली, तर तुकडा फेकण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांस एकदा दाखवा.