'फंक्शनल' म्हणजे नेमकं कशासाठी?

आमच्या जिमच्या वरच्या मजल्यावर आता 'फंक्शनल झोन' आहे. खोटं हिरवं गवत, ट्रकचे टायर, बॅटल रोप, केटलबेल आणि भिंतीवर लाल आकडे पळवणारं घड्याळ. खालच्या मजल्यावर जुनीच मशिन्स. वरचा ट्रेनर खाली येऊन टोमणा मारतो, "रोजच्या आयुष्यात कुणी लेग एक्स्टेन्शन करतं का?" त्याच्या क्लासची फी दुप्पट असल्यामुळे प्रश्न बिनतोड वाटतो.

उत्तर आहे, आणि ते ऐंशी वर्षं जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या लष्करी हॉस्पिटलात थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांकडून तेव्हा हलका व्यायाम पुष्कळ वेळा करून घेत. डीलॉर्मने उलट केलं. पायाला लोखंडी बूट बांधला, त्याला जड वजनं लावली, गुडघा सरळ करायला सांगितला आणि ताकद वाढेल तसं वजन वाढवत नेलं. १९४५ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. १९४८ मध्ये सेट कमी करून दहा-दहाचे तीन ठरवले. ज्या 'तीन सेट, दहा रेप्स'ला वरचा मजला हसतो, ते जखमी माणसाला पुन्हा धड उभं राहता यावं म्हणून बसवलेलं गणित आहे. तो लोखंडी बूट म्हणजेच आजचं लेग एक्स्टेन्शन. याहून फंक्शनल काय असतं?

दुसरा पळवलेला शब्द 'हाय इंटेन्सिटी'. ताकदीच्या व्यायामात इंटेन्सिटी म्हणजे तुम्ही जास्तीत जास्त जेवढं उचलू शकता, त्याच्या किती टक्के उचलताय. धाप किती लागली, हे नव्हे. १९९० मध्ये मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून कमाल क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच्या वजनाने गुडघ्याचा हाच व्यायाम करून घेतला. आठ आठवडे. नऊ जणांनी तो पूर्ण केला. पायातली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, दोघांची काठी सुटली. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच 'हाय इंटेन्सिटी' आहे, आणि त्यात एकही बर्पी नाही.

ताबाताचंही तेच. इझुमी ताबाताच्या १९९६ च्या प्रयोगात तरुण खेळाडू सायकलवर वीस सेकंद जिवाच्या आकांताने पायडल मारत, दहा सेकंद थांबत. सात-आठ फेऱ्यांत, म्हणजे चार मिनिटांच्या आत, ते संपून जात. आमच्याकडे त्याच नावाचा क्लास पंचेचाळीस मिनिटं चालतो. पंचेचाळीस मिनिटं चालतो, याचा अर्थच तो ताबाता नाही!

मला राग दमण्याचा नाही. दमा की. दम वाढतो, हृदयाला बरं, सोबत मिळते, आणि मशिनवर बसून रील्स बघणाऱ्यांपेक्षा ते शंभर पटींनी चांगलं. (खालच्या मजल्याची पापंही कमी नाहीत: सोमवार छाती, मंगळवार छाती, पायांचा वार उगवतच नाही.) राग आहे तो जोखमीची वजनं घड्याळाविरुद्ध उचलायला लावण्याचा. मीराबाई चानू स्पर्धेत स्नॅचचे तीन प्रयत्न करते, एका प्रयत्नात एकदाच वजन उचलते. क्रॉसफिटच्या 'इझाबेल' वर्कआउटमध्ये पुरुषांनी ६१ किलोचा स्नॅच तीस वेळा मारायचा, जमेल तितक्या लवकर. विसाव्या रेपला कंबर कुठे असते, ते ट्रेनरने घड्याळावरची नजर काढून एकदा पाहावं. अतिश्रमाने स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं बसू शकतात, त्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. क्रॉसफिटवाल्यांनी त्याचाही 'अंकल रॅब्डो' नावाचा विदूषक काढला, डायलिसिसच्या मशिनला जोडलेला. विनोद म्हणे.

मग कुणीतरी तालीम काढतं. आपले पैलवान हजार-हजार बैठका मारतातच ना? मारतात, वर्षानुवर्षं वाढवत नेऊन. शिवाय पैलवानाला 'फंक्शनल' हा शब्द लागत नाही. त्याचं फंक्शन समोर लाल मातीत लंगोट कसून उभं असतं. जोर-बैठका कुस्तीसाठी. दिवसाचे दहा तास लॅपटॉपसमोर बसणाऱ्याने टायर उलटायचा तो कशासाठी? त्याला पाठ, खांदे आणि मांड्या हळूहळू बळकट करायच्या आहेत. त्याला दर थोड्या दिवसांनी थोडं जास्त वजन हवं आहे, रोज नवा तमाशा नको.

वरच्या मजल्यावरचा व्हाइटबोर्ड रोज रात्री पुसला जातो. मागच्या महिन्यात तुम्ही किती उचललंत, हे तिथे विचारून पाहा. चांगल्या ठिकाणी नोंदी ठेवतात, हे मान्य. आमच्याकडे ठेवत नाहीत. खाली लेग प्रेसवर त्रेसष्ट वर्षांच्या एक काकू येतात, त्यांच्याकडे शंभर पानी वही आहे. जूनमध्ये २० किलो, दिवाळीत ३५, आता ५०. मध्ये दोन आठवडे कोरे आहेत, तिथे 'नातू आजारी' असं लिहिलंय.