पेन्सिलीच्या खुणा पुसू नका

पाश्चात्त्य वाद्यवृंदातील व्हायोलिनवादकापुढची जुनी स्वरलिपी पाहिली, तर छापील सुरांवर पेन्सिलीच्या खुणांची दाटी दिसते. तळाशी उघडा चौकोन म्हणजे गज खाली ओढायचा, इंग्रजी व्ही म्हणजे वर न्यायचा. १ ते ४ हे डाव्या हाताच्या बोटांचे आकडे, तर शून्य म्हणजे मोकळी तार. (पियानोवादकाचा १ म्हणजे अंगठा, व्हायोलिनवादकाची तर्जनी, त्याचा अंगठा वाद्य सांभाळण्यात गुंतलेला असतो.) या खुणा किरकोळ मानून पुसून टाकण्याची रीत अजून चालू आहे. माझ्या मते ती इतिहाससाधनांची नासाडी आहे.

सर्वांचे गज एका दिशेने चालावेत, हा आग्रह जुना. जेमिनियानी यांच्या आठवणीनुसार, एकाचाही गज विपरीत चालला तर कोरेली वादन थांबवीत. १६९८ साली गेओर्ग मुफाट यांनी फ्रान्समधील लुली यांच्या वादकांची शिस्त छापून मांडली. तिचा गाभा असा की आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर गज खाली यावा. खाली येणारा गज स्वभावतः जोरकस असल्याने सम आपोआप ठसते. परंतु छापलेला नियम आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत अंतर असतेच, आणि त्या व्यवहाराचा पुरावा वादकाच्या कागदावर असतो.

बोटांचे आकडे तर याहून बोलके. एकाच तारेवरील लागोपाठच्या दोन सुरांना एकच बोट लिहिले असेल, तर हात तारेवरून सरकतो आणि मींडेसारखी घसर ऐकू येऊ शकते. मेंगेलबर्ग यांच्या १९३९ च्या आम्स्टरडॅममधील मालरच्या चौथ्या सिंफनीच्या ध्वनिमुद्रणात अशा घसरी विपुल आहेत. पुढे ती शैली मागे पडली. ध्वनिमुद्रणापूर्वीच्या वादकांचे काय? तिथे हे आकडे वाचूनच अंदाज बांधावा लागतो. अर्थात, घसर दाबून हात सरकवणेही शक्य असते, म्हणून आकडा हा निर्णायक पुरावा नव्हे.

आक्षेप असा की या खुणांवर तारीख नसते, हस्ताक्षर कोणाचे ते कळत नाही, आणि एका कागदावर अनेक पिढ्यांचे थर असतात. खरे आहे. पण दफ्तरातील कागदावर तीन हातांचे शेरे आढळले म्हणून कोणी तो कागद धुऊन काढत नाही! स्टोकोव्स्की यांनी फिलाडेल्फियात प्रत्येकाला आपापल्या सोयीने गज चालवू दिला. तेव्हा खुणांतील विसंगतीही माहितीच असते.

न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने २०११ पासून आपल्या संग्रहातील खुणांसह असलेल्या प्रती सर्वांसाठी ऑनलाइन खुल्या केल्या, हे मला अनुकरणीय वाटते. वादकांना स्वच्छ प्रत हवी असते, ही गरज रास्तच आहे. त्यासाठी नवी प्रत छापावी. भाड्याने आणलेल्या प्रती मात्र अनेकदा खुणा पुसूनच परत कराव्या लागतात. तिथे निदान खोडरबर हाती घेण्यापूर्वी प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे आणि त्यावर वाद्यवृंदाचे नाव व वर्ष नोंदवावे.