दोष वाऱ्याचा, कन्व्हर्टरचा नव्हे

मा. संपादक,


‘वीज गेली की गच्चीवरचा सौरसंचही बंद, म्हणजे ग्राहकाची फसवणूक’ हे आपल्या लेखातले विधान अर्धवट आहे. ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर वीज जाताच मुद्दाम बंद होतो. नाहीतर केबल दुरुस्त करणाऱ्या वायरमनला आपल्याच गच्चीवरून शॉक बसायचा. अंधारातही पंखा हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा. तो महाग पडतो, एवढे मान्य.

पॅनेल आणि छोटी पवनचक्की एकत्र नांदत नाहीत, हेही चूक. पवनचक्कीची कमी-जास्त होणारी एसी आधी डीसी करायची, पॅनेलची डीसी दुसऱ्या कन्व्हर्टरने त्याच व्होल्टेजला आणायची. पुढे एकच इन्व्हर्टर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज देतो. उत्तनच्या किनाऱ्यावर हे करून पाहण्याजोगे आहे. मीरा रोडच्या टॉवरांच्या गर्दीत मात्र वारा अडतो, आणि वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते. तिथे पवनचक्कीचा हट्ट नकोच.

राहिले अनुदान. ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये घरगुती ग्राहकाला मिळतात, सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार. सोसायटीच्या सभासदांनी हिशेब या दुसऱ्या आकड्यानेच करावा.

– एक वाचक, भाईंदर (पश्चिम)