हिरडीतले रक्त आणि घरातला हिशेब



बैठकीच्या अंकात कापूस-ज्वारी सोडून हिरड्यांवर अग्रलेख पाहून काही जण हसतील. हसू द्या. हसताना त्यांच्या हिरड्या तेवढ्या पाहून घ्या.

डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाने २००२-०३ साली देशभर पाहणी केली. पंधरा वर्षांच्या मुलामुलींत ६७.७ टक्क्यांच्या हिरड्या रोगट निघाल्या. म्हणजे तिघांत दोघे.

दाताच्या बुडाशी जंतूंचा चिकट थर बसतो. रोज काढला नाही तर हिरडी सुजते, घासताना रक्त येते. या टप्प्यावर नीट घासणे सुरू केले तर दोनेक आठवड्यांत हिरडी पूर्ववत होते. थराचा दगड झाला की तो ब्रशने निघत नाही, डॉक्टरकडूनच खरवडून घ्यावा लागतो. तसाच राहिला तर काही वर्षांत दाताभोवतीचे हाड झिजते. बुडाची माती वाहून गेली की पऱ्हाटी हलते, तसा दात हलतो. गेलेले हाड परत येत नाही.

वयात येताना हिरड्या लवकर सुजतात. हे श्रीमंताच्या पोरालाही चुकत नाही. फरक पुढे पडतो. ब्रश तीन महिन्यांनी बदलायचा म्हटले तर पाच माणसांच्या घराला वर्षाला वीस ब्रश. कापूस विकेपर्यंत हातात रोख नाही, त्या घरात वीस ब्रश कोण आणतो? सरकारने तर २०१७ पासून आठ वर्षे टूथपेस्टवर १८ टक्के जीएसटी घेतला, जणू दात घासणे ही चैनच! सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आणला. पण दातांचा दवाखाना तालुक्यालाच राहिला. जायचे तर गाडीभाडे, फी, शिवाय एक रोज बुडाला. त्यातून हा आजार सुरुवातीला दुखत नाही, आणि जे दुखत नाही त्यासाठी आपल्या घरात पैसा निघत नाही. लेकीसाठी तर नाहीच. याला पोरांचा आळस म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा.

तंबाखूचे वेगळेच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुडी कुठे मिळते ते पोरांनाच विचारा. खर्रा तर हाताशीच. हिरडी ठणकते म्हणून माय मिश्री लावते, तिचे पाहून लेक लावते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी दिसू शकते, आराम पडला असे वाटते. आत आजार चालूच असतो. तंबाखू जिथे धरतात तिथली हिरडी खाली सरकते.

कडुलिंबाची काडी फुकट आहे. कुंचला होईपर्यंत चावून हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवावी. राख, कोळसा, विटेची भुकटी नको.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथके सरकारी शाळांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात, दातही पाहतात. पण शाळा सोडून वेचणीला जाणारी पोर त्या दिवशी वर्गात नसते. जिला गरज जास्त, तीच यादीबाहेर. म्हणून प्रत्येक गावाने येत्या बैठकीला दोन गोष्टी आणाव्यात: पथक शाळेत शेवटचे कधी आले त्याची तारीख, आणि शाळेबाहेरच्या मुलामुलींची नावे. हंगामात एक तपासणी संध्याकाळी, वेचणी आटोपल्यावर, चावडीवर घ्या, ही मागणी त्या यादीसह प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे द्यायची आहे.