पीळ तारेत असावा

उज्जयिनीच्या मराठी घरांतून गणेशोत्सवातील कीर्तन-गायनाची हौस अजून टिकून आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु देवास गेटसारख्या गजबजलेल्या भागात, जेथे रेल्वे स्टेशन आणि बस-स्थानक हाकेच्या अंतरावर, तेथे कार्यक्रम ऐकणे कष्टाचे होत चालले आहे. रस्त्यावरच्या भोंग्यांना इलाज नाही. पण बुवांच्या निरूपणामागे ध्वनिवर्धकातून जी अखंड घुंई चालते, तिचे मूळ आपल्याच मांडवात असते. अशाच एका कार्यक्रमात मागच्या रांगेतील वडीलधारी मंडळी पूर्वरंग संपण्याआधी उठून गेलेली मी पाहिली आहेत.

कारण साधे आहे. ध्वनिक्षेपकातून निघणारा विद्युत्संकेत व्होल्टच्या काही हजारांश भागाएवढाच असतो. तो व्यासपीठापासून मागे बसलेल्या साउंडवाल्यापर्यंत चाळीस-पन्नास मीटर जायचा, आणि शेजारून रोषणाईची २३० व्होल्टची माळ! अशा वेळी तरुण मंडळी सुचवितात की, संगणकाची केबल वापरावी. त्यावर काही ज्येष्ठ नाक मुरडतात: संगणकाच्या वायरीत कीर्तन कसले?

माझ्या मते तरुणांचे म्हणणे योग्य आहे. ही वायर मूळची संगणकाची नव्हेच. दोन तारांना परस्परांभोवती पीळ देण्याचे पेटंट टेलिफोनच्या ग्रॅहम बेलने १८८१ साली घेतले, तेव्हा संगणक कोठे होता? माणसाचा आवाज दूरवर स्वच्छ जावा, यासाठीच हा पीळ जन्मला. त्यातील युक्ती अशी की, दोन तारांतून आवाज उलटसुलट जातो. बाहेरची घुंई मात्र दोघींत सारखीच शिरते. पलीकडचे यंत्र दोघींतील फरक तेवढा घेते, आणि सारखे आलेले ते परस्पर वजा होऊन जाते. पिळामुळे दोघींवर उपद्रवही सारखाच येतो. साध्या केबलीत अशा चार जोड्या असतात. म्हणजे बुवा, पेटी, तबला आणि झांज यांची सोय एकाच वायरीत झाली. शंभर मीटरला एका तारेचा रोध साधारण साडेआठ ओहम. एवढ्याने आवाजाचे काही बिघडत नाही.

मात्र पथ्ये पाळली पाहिजेत. निळ्या तारेचा जोडीदार पांढरी-निळीच. दुसऱ्या रंगाशी सोयरीक केली की पीळ व्यर्थ गेला. दोन्ही टोकांना तीन पिनांची जोडणी हवी. जाड एकेरी पिन लावल्यास वजाबाकी होतच नाही. ज्या ध्वनिक्षेपकाला मिक्सरकडून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, त्यासाठी वरून धातूचे आवरण असलेली केबल घ्यावी, कारण तो पुरवठा परतण्यास वाट हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त तार घेऊ नये. आणि आतली तार सहसा एकसंध असते. रोज गुंडाळली-उलगडली तर तुटते. ती कायम बसवून ठेवावी, आणि विजेच्या तारेला ओलांडायचेच झाल्यास काटकोनात ओलांडावी.

आमची मंडळे रोषणाईला आणि मोठाल्या खोक्यांना सढळ हाताने पैसे देतात, आणि वायर मात्र कोणाकडून तरी मागून आणतात. हे उफराटे आहे. आवाज स्पष्ट येत नाही म्हणून तो वाढवायचा, की त्याबरोबर घुंईही वाढते. ज्यांच्या वाडवडिलांनी ही कीर्तनपरंपरा माळव्यात आणून रुजविली, त्या घरांतील आजीबाईंना शेवटच्या रांगेत बसून बुवांचा हळू उच्चारलेला शब्द ऐकू येत नसेल, तर तो उत्सव कोणासाठी?

तेव्हा कार्यकारिणीला माझी विनंती एवढीच: यंदा एक माळ कमी लावा, चांगल्या केबलीचे एक भेंडोळे घ्या, आणि स्थापनेच्या आदल्या दिवशी ती तपासा. मंडळातल्या माणसांमाणसांत पडलेले पीळ आपण पिढ्यान् पिढ्या जपतो. या वर्षी तो तारेत असू द्यावा.